चपला मोजल्याशिवाय यारी हलवायची नाही

माझ्या मशीनला आमच्या गावात पहिला त्रास झाला तो सचिवकाकांच्या मायेचा.

सचिवकाका म्हणजे गावच्या दूध सोसायटीचे सचिव. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रात बसून प्रत्येकाचं दूध मापायचं, नमुना घ्यायचा, फॅट काढायची आणि मग त्या फॅटवरून होणारी भांडणं ऐकून घ्यायची, हे त्यांचं वीसेक वर्षांचं काम. काकांनी काढलेली फॅट ही दुधातली नसून काकांच्या मनातली असते, असं निम्मं गाव धरून चालायचं. त्यावर उपाय म्हणून आमच्या कंपनीचा डबा आला.

मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत होते. आम्ही दूध तपासायचा एक डबा केला होता. डब्याला एक वायर, वायरच्या टोकाला वीतभर लांबीचा मापक. मापक दुधात बुडवला की डब्याच्या पडद्यावर फॅटचा आकडा यायचा, तोही रांगेतल्या शेवटच्या माणसाला दिसेल एवढा मोठा. डब्यात लहानसा कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटरच्या पोटात जो मूळ कारभारी बसलेला असतो त्याला कर्नेल म्हणतात. मेमरीतली जागा कुणाला द्यायची, परत कधी घ्यायची, कुठली वस्तू कुणाच्या ताब्यात आहे, हे सगळं तो बघतो. बाहेरून जोडलेल्या मापकाशी कसं बोलायचं, हे त्या कारभाऱ्याला शिकवणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. तो मी लिहिला होता. एकटीनं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून हे ‘एकटीनं’ मी जरा जोरात म्हणते, आणि इथून पुढंही म्हणणार.

माझ्यापेक्षा जोरात माझे वडील म्हणायचे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. पोरगी काय करती असं कुणी विचारलं की दादांचं उत्तर ठरलेलं, “मशीनीच्या पोटातलं काम.” दादा सोसायटीचे सभासद पहिल्यापासून, पण सभेत कधी तोंड उघडलेलं नव्हतं. मागं भिंतीला टेकून बसायचं आणि हात वर करायची वेळ आली की करायचा, एवढाच त्यांचा सहकार. पण डबा बसवायचा की नाही यावर सभेत खल सुरू झाला तेव्हा ते उठून उभे राहिले. माय नंतर सांगायची, “उबं ऱ्हायले तर लोकं घाबरले ना. मला वाटलं साप निघाला.”

दादा म्हणाले, “माझ्या लेकीच्या हातची वस्तू हाय. बसवा. दगा द्यायची न्हाई.”

आणि खाली बसले. डबा बसला.

आता सचिवकाकांची माया. मोटारीला फार वेळ चालू ठेवलं की ती जळते, लाइट कमीजास्त झाली की आधी फ्यूज काढायचा, हे आमच्याकडं प्रत्येकाच्या हातात मुरलेलं आहे. काकांनी तोच न्याय डब्याला लावला. एका सभासदाचं दूध तपासून झालं की काका मापकाची वायर डब्यातून उपटून काढायचे, मापक धुवायचे, फडक्यानं पुसायचे, दोन मिनिटं बाजूला ठेवायचे आणि मग पुन्हा खुपसायचे.

“यंत्राला इसावा नगो का?” ते म्हणायचे. “बैलाला देतो, मानसाला देतो, मंग ह्यानंच काय पाप केलं?”

पुण्यात आम्ही दीडेक महिना डब्याची चाचणी केली होती. धूळ, गरमी, लाइट जाणं, सगळं तपासलं. पण वायर चालू कामात उपटून बघावी हे एकालाही सुचलं नाही. पुण्यात वायर खुपसली की ती तशीच राहते. तिच्या विसाव्याची काळजी तिथं कुणी करत नाही.

दहा-बारा दिवस डब्याचं निभावलं. मग एका बुधवारी दुपारी दादांचा फोन आला. ते फोन करतात तेव्हा आधी आमच्याकडच्या पाण्याची बातमी असते. टँकर आला का नाही, छावणीत जनावरांना चारा किती, ते सगळं. त्या दिवशी पाणी नाही, काही नाही.

“बाई, मशीन येड लागल्यावानी करतीय.”

“म्हंजे काय करतीय?”

“काल म्हशीवाल्या मावशीचं दूध लावलं तर आधीच्या गायीची फॅट दाखवली. मावशी म्हनली, माझी म्हैस रातीतून गाय झाली व्हय रे? आन् आज सकाळी शेक्रेटरीनं सोताचं दूध लावलं. सत्त्यान्नव.”

“सत्त्याण्णव काय?”

“फॅट.”

मी डोक्याला हात लावला. शंभरात सत्त्याण्णव फॅट म्हणजे काकांची गाय थेट तूप देत होती. त्यानंतर पडदा जो गोठला तो गोठलाच. काकांनी वैतागून मेन बटण बंद केलं तेव्हा कुठं डबा परत जिता झाला, आणि पुढच्याच कॅनला पुन्हा तसाच.

“आयतवारी सभा हाय,” दादा म्हणाले. “ठेवायची का वापस लावून द्यायची ते त्यात ठरनार हाय. शेक्रेटरी म्हनतो, तुज्या घरच्याचा भरवसा मी एकदा धरला व्हता, दुसऱ्यांदा न्हाई.”

दादांनी एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. आयुष्यात एकदा सभेत उभं राहिलेला माणूस. तो शब्द रविवारी खाली पडणार होता, आणि तो पाडणारं कलम माझ्या हातानं लिहिलेलं होतं. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुझंच गाव आहे, तूच जा. मी रात्रीची गाडी धरली, बीडला उतरले, तिथून नेकनूरची बस, आणि गुरुवारी ऊन चढायच्या आत केंद्रावर हजर.

काका मला बघून म्हणाले, “आल्या का इंजिनेर बाई. घ्या तुमचा रेडा. दूध द्यायचा सोडून दुसऱ्याच गोठ्यात शिरतोय.”

केंद्र म्हणजे एक खोली, बाहेर कडुनिंब. त्या वर्षी दुधाचे कॅन निम्म्याहून कमी होते, त्यामुळं सकाळचं काम तासाभरात उरकायचं. मग दुपारभर खोली माझी. लॅपटॉप डब्याला जोडला आणि बसले. सगळ्यात आधी मी काय केलं ते खरं सांगते. चूक दुसऱ्याची आहे का ते शोधलं. पडद्यावर आकडा दाखवणारा प्रोग्राम कंपनीतल्या एका पोरानं लिहिला होता. गुरुवारचा निम्मा दिवस मी त्याच्या प्रोग्रामात ढेकळं फोडत बसले. दोन वेळा त्याला फोनवर बोलले, जरा लागेल असंच बोलले. त्याच्या प्रोग्रामात काही सापडलं नाही.

संध्याकाळी दूध घेताना मी काकांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांची माया पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. आकडा आला की खट्, वायर बाहेर.

“काका, वायर कावून काढता?”

“तू शिकलेली हाईस, तुला न्हाई कळायचं,” काका म्हणाले. आणि दादांकडं बघून, “इच्यारतीय कावून काढता. बापाला इच्यार, घाईघाईत काढल्यावर काय व्हतं. का रे बे? सांग की पोरीला.”

दादा दुधाच्या कॅनमध्ये बघत राहिले. रांगेतली जुनी माणसं हसली. मीही हसले, कारण ती गोष्ट मला पाठ होती. आणि हसता हसता माझं हसू अर्ध्यात थांबलं.

ती गोष्ट अशी.

मी दुसरी-तिसरीत असेन. तेव्हाही असाच दुष्काळ. पंधरा घरांनी मिळून विहिरी खोल करायला एक सोसायटी काढली होती आणि सगळ्यांत मिळून एक यारी घेतली होती. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायचं यंत्र. काठावर पाया रोवायचा, त्यावर खांब, खांबाला आडवा हात, हाताला चाक, चाकावरून तारेचा दोर, दोराला लोखंडी बकेट. इंजिनाची माहिती गावात दादांनाच, म्हणून यारी चालवायचं काम त्यांच्याकडं. एकाची पाळी संपली की यारी उकलून पुढच्याच्या विहिरीवर न्यायची. उकलायची ती उलट्या क्रमानं. जे शेवटी बांधलं ते आधी सोडायचं. आधी बकेट, मग दोर, मग चाक, मग हात, मग खांब. पाया आधी सैल केला तर खांब अंगावर येतो, हे सांगायला कॉलेज लागत नाही.

दुसरा नियम चपलांचा. विहिरीत आसरा राहतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, देवीसारख्या. त्यांच्या घरात चपला घालून जायचं नाही. विहिरीत चूळ भरण्यापुरतं पाणी नसलं तरी घर त्यांचंच. म्हणून खाली उतरणारा प्रत्येक जण काठावरच्या सपाट दगडावर चपला काढून ठेवायचा. त्यातून आपोआप एक सोय झाली. दगडावर जेवढे जोड तेवढी माणसं आत. सुरुंगाची वात पेटवायच्या आधी चपला मोजायच्या. यारी हलवायच्या आधी चपला मोजायच्या. दगड मोकळा असेल तरच पुढं.

त्या दिवशी एका पाळीचं काम संपलं होतं, आणि पुढचा सभासद ट्रॅक्टर घेऊन डोक्यावर उभा. दादांच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांना बाभळीपलीकडं जाऊन यायचं होतं. दगडावरचा जो जोड हाताशी आला तो त्यांनी पायात सरकवला आणि गेले. आले. मग बकेटीतून एकेक माणूस वर आला आणि आपापल्या चपला घालून सावलीला गेला. दादांनी दगडाकडं बघितलं. मोकळा. वाकून हाळी दिली, “हाय का रे कुनी?” आतून आवाज नाही. बकेट सोडली, दोर गुंडाळला, चाक काढलं, सगळं क्रमानं, शिस्तीत, आणि यारी निघाली.

सचिवकाका तेव्हा सचिव नव्हते, नुसते तरणे होते. विहिरीच्या तळाला एका कपारीत गार लागतं म्हणून ते आडवे झाले होते. जागे झाले तर वर गोल आभाळ. तेवढंच.

“चाक न्हाई, दोर न्हाई, बकेट न्हाई,” काका अजून सांगतात. “म्या जिथं गेलतो ते समदं जागच्या जागी, आन् ज्याच्या जिवावर गेलतो त्येच गायब. हाका मारू कुनाला? आसरांला?”

तिकडं दोन बांध ओलांडल्यावर दादांना चपला ढिल्या लागायला लागल्या. दादांचे पाय लहान, काकांचे फावड्यासारखे. दादांनी खाली बघितलं, आणि तसेच मागं पळाले. मोजायचा शेवटचा जोड त्यांच्याच पायात होता. बैलांचे चार कासरे एकाला एक जोडून काकांना वर काढलं. तेव्हापासून नियमात भर पडली. चपला मोजायच्या आधी आपल्या पायाकडं बघायचं.

तर हसता हसता मी थांबले ते इथं. दिवसभर मी त्या पोराच्या पायाकडं बघत होते. माझ्या पायाकडं बघितलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी माझाच ड्रायव्हर उघडला आणि दहा मिनिटांत सापडलं. कर्नेलमध्ये एक मोठी सोय असते. एखादी वस्तू जोडली गेली की तिच्यासाठी जे जे घेतलं, मेमरी, टायमर, बाकीचं सामान, ते सगळं त्या वस्तूच्या नावानं बांधून ठेवता येतं. वस्तू निघाली की कर्नेल स्वतःच ते सगळं उलट्या क्रमानं सोडवतो. तुम्हाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. अगदी यारी उकलावी तसं. मला ती सोय लई आवडायची. मी डोळे झाकून सगळंच तसं बांधलं होतं.

पण त्यात एक गोष्ट अशी होती जी मापकाची नव्हतीच. मापकाचे आकडे जिथं येऊन पडायचे ती मेमरीतली जागा. पडद्यावाला प्रोग्राम त्या जागेत उतरून बसलेला असायचा. काकांनी खट् करून वायर उपटली की कर्नेल माझ्या सांगण्याप्रमाणं सगळं आवरायचा, ती जागासुद्धा, आणि लगेच दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा. प्रोग्राम बिचारा अजून आतच. तो त्याच जागेवरून आकडा वाचायचा. कधी आधीच्या गायीचा मिळायचा. कधी तिथं नवा मालक आलेला असायचा, त्याचा सत्त्याण्णव मिळायचा. आणि प्रोग्रामनं तिथं काही लिहायला घेतलं की नवा मालक कोसळायचा, मग सगळा डबाच.

मी माणूस आत ठेवून यारी नेली होती. दादांनी एकदा नेली, मी रोज सकाळ-संध्याकाळ नेत होते.

दुरुस्ती काय करायची हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ती जागा मापकाच्या नावानं बांधायची नाही. तिच्यावर एक आकडा ठेवायचा. जो आत येईल त्यानं एक वाढवायचा, जो बाहेर जाईल त्यानं एक कमी करायचा. ड्रायव्हर स्वतः आत आहे तोवर त्याचाही एक. आकडा शून्य झाला तरच जागा सोडायची, आणि ती जो शेवटी बाहेर पडेल त्यानं सोडायची. वायर निघाली तर दारावर पाटी लावायची, मापक काढलेला आहे. आत बसलेल्यानं आकडा मागितला तर त्याला सरळ नाही म्हणायचं, कुणाचा तरी आकडा हातावर ठेवायचा नाही. दिवसभर बसून मी ते लिहिलं. आकड्याला नाव काय द्यावं सुचेना, म्हणून देऊन टाकलं: चपला.

शुक्रवारी संध्याकाळच्या दुधाला काकांनी वीस वेळा वायर उपटली. डबा हलला नाही.

“बरी झाली वाटतं,” काका जरा नाराजीनंच म्हणाले.

पण वीस म्हणजे काहीच नाही. शनिवारी दुपारी मी काकांना म्हटलं, काका, तुमच्याइतकं ह्याला कुणी उपटलेलं नाही, आता मनसोक्त उपटा. काका खुश. मांडी घालून बसले, धोतर सावरलं, आणि चालू. खट्, खुपस. खट्, खुपस. मी लॅपटॉपवर बघत होते. डबा नीट चालत होता, पण एक वेगळंच दिसायला लागलं. मोकळी मेमरी हळूहळू कमी होत होती. प्रत्येक वेळी नाही. आठ-दहा वेळांतून एकदा एक जागा घेतली जायची आणि परत यायचीच नाही.

“शंभर झाले,” काका म्हणाले. “अजून?”

“थांबा काका.”

तेवढ्यात माय भाकरी घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली, “काय गं? बिघडली का परत?”

“बिघडली न्हाई माय. आत कुनीच न्हाई, तरी जागा मोकळी व्हईना. आकडा म्हनतो एक जन आत हाय.”

माय फडकं सोडता सोडता म्हणाली, “म्हंजी भाकर उरती.”

“काय?”

“अगं त्या रुसव्याची. आठवत न्हाई? तू लहान व्हतीस.” आणि काकांकडं बघून हसायला लागली. काकाही हसले.

यारीच्या दिवसांत खाली काम करणाऱ्यांच्या भाकरी आळीपाळीनं प्रत्येक घरातून जायच्या, आणि भाकरी किती थापायच्या हे बाया दगडावरच्या चपला मोजून ठरवायच्या. आमची पाळी होती तेव्हा रोज एक भाकर परत यायची. आत पाच माणसं, दगडावर जोड सहा. सहावा जोड सुतळीनं बांधलेला, कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. जोड आहे म्हणजे माणूस आहे, म्हणून सुरुंग लावता येईना आणि यारी हलवता येईना. दादा स्वतः तीन वेळा कासरा धरून खाली उतरून कपारी चाचपून आले. काकांच्या प्रसंगानंतर कुणाची छाती होती तो जोड उचलून फेकायची?

“दोन दिस यारी तशीच उबी,” माय म्हणाली. “आन् म्या दोन दिस त्या नसलेल्या मानसाला भाकर घालतीय. चटनीसकट.”

मग कळलं. एक जण कामाला म्हणून आला होता. आल्या आल्या रिवाजाप्रमाणं दगडावर चपला काढल्या. दादा म्हणाले, आज माणसं भरलीत, उद्या ये. तो रुसला आणि तसाच अनवाणी घरी गेला. विहिरीत उतरलाच नव्हता. चपला मात्र आत.

मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून लॅपटॉपकडं वळले. वायर निघाली की पडद्यावाला प्रोग्राम बाहेर यायचा आणि घाईनं पुन्हा आत यायला बघायचा. दारातच माझा ड्रायव्हर आधी आकडा एकानं वाढवायचा, मग पाटी बघायचा, आणि म्हणायचा, मापक काढलेला आहे, परत जा. प्रोग्राम परत जायचा. वाढवलेला आकडा तसाच. ज्याला दारातून लावून दिला त्याच्या चपला उचलून द्यायच्या मी विसरले होते. आत गेलेला माणूस बाहेर येताना आपल्या चपला नेतो, पण ज्याला आत जाऊच दिलं नाही त्याच्या चपला उचलायला कुणी येत नाही. ते दारवानालाच करावं लागतं.

एक ओळ. शंभर वेळा वायर उपटल्याशिवाय आणि एक भाकर उरल्याशिवाय ती मला दिसली नसती.

“काका, अजून शंभर,” मी म्हटलं.

“द्वाडाची जात,” काका म्हणाले आणि बाही सारून बसले. दोनशे झाले. अडीचशे झाले. मोकळी मेमरी जिथं होती तिथंच. मी नवा प्रोग्राम साहेबांना पाठवला. तासाभरात त्यांचा फोन. सगळं बरोबर आहे, म्हणाले, फक्त एके ठिकाणी चपला असं नाव दिलंय ते बदल, गिऱ्हाईक बघतं कधी कधी. मी हो म्हटलं. अजून बदललेलं नाही.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात सभा. बाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर लोक, मधोमध स्टुलावर डबा. दादा मागं भिंतीला टेकून. मी त्यांच्याकडं बघत होते, ते माझ्याकडं बघत नव्हते, जमिनीवर बोटानं रेघा ओढत होते. चेअरमननी विषय मांडला, मशीन ठेवायची का परत पाठवायची. म्हशीवाल्या मावशी लगेच म्हणाल्या, “ठिवायची तर ठिवा, पर आधी माझी म्हैस म्हैसच हाय का ते इच्यारा तिला.”

मावशींच्या कॅनमध्ये मापक बुडवला. आकडा आला, म्हशीचा, चांगला जाडजूड. मावशींनी मान डोलवली. आणि सचिवकाका उठले. मला वाटलं पुसायला उठले असतील. त्यांनी आकडा पडद्यावर असतानाच, सगळ्या सभेदेखत, वायर हाताला गुंडाळली आणि अशी उपटली की स्टूल हललं.

मी शनिवारी अडीचशे वेळा बघितलेलं होतं, तरी मी डब्याकडं सरकले. दादांचं बोट रेघेत थांबलं.

पडद्यावरचा आकडा गेला. त्या जागी मोठ्या अक्षरात आलं: मापक काढलेला आहे.

काकांनी वायर खुपसली. मावशींचीच म्हैस परत आली, तोच आकडा. काकांनी पुन्हा उपटली. पुन्हा पाटी. आणखी एकदा. मग काका मागं वळले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून दादांना म्हणाले,

“न्हाई बे. ह्या बारीला तुज्या घरच्यांनी आत कोन हाय ते बघितलं.”

सगळं देऊळ हसलं. दादांनी मान वर केली. मला वाटलं आता पुन्हा उभे राहतात. नाही राहिले. बसल्या जागेवरून म्हणाले, “मंग? लेक कुनाची?” आणि हात वर केला. मग सगळ्यांचेच हात वर गेले, मावशींचे तर दोन्ही.

सभा उठली तेव्हा ऊन कडक झालं होतं आणि देवळापुढची फरशी तव्यासारखी तापलेली. दादा सगळ्यात शेवटी बाहेर आले. सवयीप्रमाणं आधी आपल्या पायाकडं बघितलं. मग पायरीकडं. पायरीवर एकच जोड उरलेला, फावड्याएवढा. दादांचा जोड नव्हता.

रस्त्यावर काका चालले होते. दादांच्या चपला पायात, टाचा बाहेर लोंबत, लंगडत, पण वळून न बघता.

“ए शेक्रेटरी!” दादा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत ओरडले. “माझ्या चपला!”

काका थांबले नाहीत. नुसता हात वर केला.

“म्या बाहेर हाय बे! तू किती येळ आत बसायचं ते बघ!”